ऐनवेळचे विषय

विषय एक : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
अठरा वर्षं हे मीच वाचतो.
उभा राहतो, चष्मा पुसतो, घसा खाकरतो,
आणि हॉल हात वर करतो न ऐकताच,
पाठ आरतीला टाळ्या पडतात तसा.

आजही वाचलं.
खिडकीतून एकलहऱ्याच्या चिमण्या दिसत होत्या.
काही थंड पडून किती वर्षं झाली,
तरी सामनगावची पोरं अजून
त्यांच्याकडे बघूनच वारा कुठला ते सांगतात.

विषय दोन : निवडणुकीचा निकाल.
रेश्मा पेखळे, कंट्रोल रूम, दोनशे अकरा.
रंगनाथ गायधनी, एकशे चौऱ्याण्णव.
इसाकभाई मणियारांनी आकडे दोनदा वाचले,
दुसऱ्यांदा जरा हळू,
जणू तेवढ्यात सतरा माणसं
कुठून तरी आत येतील.

आप्पा गायधनी रिटायर होऊन सहा वर्षं झाली,
गेटवर त्यांना पास कुणी मागितला नव्हता.
एका संपात त्यांनी ओढ्याच्या फाटकापाशी
कोळशाची रेक अडवली,
आणि त्याच रात्री, दवाखान्यांची लाइन जाऊ नये म्हणून,
मागच्या दाराने जाऊन एक युनिट चालू ठेवलं.
ही दुसरी गोष्ट भाषणात कधी आली नाही.

किल्ल्यांचा जुडगा त्यांनी टेबलावर ठेवला.
ही कपाटाची. ही लाउडस्पीकरच्या पेटीची.
ही कशाची ते मलाही आठवत नाही,
पण काढू नका.

शिक्क्याचं पॅड वाळलं होतं.
रेश्माताईंनी बाटलीतलं पाणी शिंपडलं, दाबलं.
फिकट उमटलं.
सरचिटणीस एवढं वाचता आलं.

विषय तीन, वर्गणीवाढ.
मी सवयीने लिहून मोकळा झालो : सर्वानुमते मंजूर.
खांद्यावरून आवाज आला,
काका, पाच हात खाली होते. पाच लिहा.

मी मोजले नव्हते.
अठरा वर्षांत एकदाही मोजले नव्हते.
वही घेऊन रांगेरांगेतून नावं विचारत फिरलो,
चार मिळाली.
पाचवे आप्पा.
लिही लिही, म्हणाले, आणि नी दीर्घ काढ.

मग शेवटचा :
अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.
या ओळीखाली मी नेहमी एक आडवी रेघ मारतो.
दारात लहानू बोराडे उभा होता, राखेच्या प्लँटवरचा,
बारा वर्षं कंत्राटी, तीन ठेकेदार बदलून झालेले,
भुवयांवर राख तशीच.
म्हणाला, उद्या ही युनिटं बंद झाली
तर तुमची बदली कोराडीला.
आमची कुठं?

सभासद नाही, बोलता येणार नाही, मागून कुणी ओरडलं.
कलम नऊ, दुसऱ्याने दुजोरा दिला.
बाई आप्पांकडे बघतील असं मला वाटलं होतं.
त्यांनी माझ्या वहीकडे बघितलं.
नियमात बसत नाही, खरंय, त्या म्हणाल्या,
वहीत बसेल. काका, लिहा.

लिहिलं. जसंच्या तसं, 'कुठं'वरच्या अनुस्वारासकट.
समोरचा निर्णयाचा रकाना
रेघ न मारता सोडला.
पुढच्या सभेत हे मला मोठ्याने वाचावं लागेल,
आणि हात वर करण्याआधी
निदान पाच जण तरी ऐकतील.

आभार झाले, चहा झाला, बाकरवडी संपली.
जाताना आप्पांचा चष्मा टेबलावर राहिला,
तो घ्यायला ते गेटवरून परत फिरले
तर नव्या सिक्युरिटीच्या पोराने हात आडवा केला.
पास?

आप्पांनी वरचा खिसा चाचपला, मग खालचा.
लहानू मागेच होता, सायकल धरून.
रजिस्टरात नाव टाका आप्पा, म्हणाला,
त्या तिथं, दोरीला पेन बांधलंय.
आम्ही रोज टाकतो.